होडीच्या गळत्या सांध्यात कोणते सीलंट भरावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहते घर इंदूरला, वडिलोपार्जित घर मंडलेश्वरला नर्मदेकाठी, आणि तिथे घरची एक अठरा फुटी सागवानी होडी. होळीनंतर ती वर ओढून पत्र्याच्या छपराखाली ठेवली होती. आता वैशाखाच्या अखेरीस पाण्यात घातली, तर कण्याला, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या मुख्य लाकडाला, लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्यातून पाणी येते आहे. रात्रभरात दोन-तीन बादल्या. सियागंजातल्या दुकानदाराने सिलिकॉन सुचवले. पुण्याचा भाचा म्हणतो, ३एम कंपनीचे ५२०० नावाचे परदेशी सीलंट मागवा, त्याच्याइतके मजबूत काही नाही. गावातले केवट म्हणतात, डांबर ओता. एके ठिकाणी वितभर एम-सील आधीच भरलेले आहे. या सगळ्यांत मजबूत कोणते, असे तुम्ही विचारले आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणे. तुमच्या सांध्याला टू-पार्ट पॉलिसल्फाइड, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचे रबरासारखे सीलंट, लावा, खाली कापसाचे सूत ठोकून. पण हे काम आत्ता करू नका, दसऱ्यानंतर करा. आत्ता होडीला फक्त पाणी पिऊ द्या.

सीलंटच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे पिथमपूरच्या कारखान्यांना माल पुरवण्यात आणि तो नीट लावून देण्यात गेली, आणि महेश्वर-मंडलेश्वरच्या लाकडी होड्यांचे काम मी आवडीने करत आलो. दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच येतो: सर्वांत मजबूत कोणते? म्हणून या मजबुतीचा हिशेब आधी मांडतो.

तुमचा गळणारा सांधा पाण्याखाली साधारण ३० सेंटिमीटर असेल. तेवढ्या खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. आकडा मोठा दिसतो, पण सांधा किती रुंद आहे? ५ मिलिमीटर धरा. एक मीटर लांबीच्या अशा सांध्यावर पाणी एकूण दीड किलोच्या जोराने दाबते, तेही मीटरभर पसरून. हा जोर तर साधी पुट्टीही सहन करते. तेव्हा पाण्याला अडवायला ताकद लागतच नाही. सीलंट फाटते किंवा सुटते ते फळ्या हलतात म्हणून. सागाचे लाकूड पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडे होईपर्यंत रुंदीत साधारण अडीच ते सहा टक्के आकसते. चिराई कशी झाली आहे त्यावर ते ठरते. निमाडात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, हवा वाळवंटासारखी कोरडी. दीडशे मिलिमीटर रुंदीची फळी छपराखाली दोन-अडीच महिने पडून राहिली, तर ती दोन ते चार मिलिमीटर सहज आकसते. तुमचा सांधा उघडला तो त्यामुळेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. आणि ही फळी पाण्यात पुन्हा फुगणार आहे.

आता त्या उघडलेल्या फटीत तुम्ही कडक होणारे काही गच्च भरले, तर फुगायला निघालेल्या फळीला जागाच उरत नाही. लाकूड फुगते तेव्हा त्याचा जोर प्रचंड असतो. दगडाच्या खाणीत लाकडी पाचर ठोकून, तिच्यावर पाणी ओतून शिळा फोडत, ते याच जोरावर. मग एकतर फळीच्या कडा चिरडतात, नाहीतर फळीला फासळीशी धरून ठेवणारे खिळे ढिले होतात. म्हणजे आज एक सांधा गळतो आहे, पुढच्या वर्षी तीन गळतील. एम-सील भरलेल्या त्या वितभर जागी फळीच्या कडेला हात लावून बघा. कड दबलेली किंवा तंतू उभे झालेले दिसले तर समजा की हे सुरू झाले आहे. एम-सील वाईट नाही, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला उत्तम आहे. पण ते एपॉक्सी आहे, घट्ट झाल्यावर हलत नाही, आणि फळ्यांचा सांधा सतत हलतो.

म्हणून पहिले काम: होडी मंडलेश्वरला उथळ, शांत पाण्यात घ्या, पक्क्या दोराने बांधा आणि दोन ते चार दिवस तशीच राहू द्या. पाणी आत येईल, येऊ द्या. होडी किनाऱ्यावरच ठेवायची असेल तर आतून गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवा. एकच काळजी घ्या. ओंकारेश्वर धरण वरच्या अंगाला आहे, तिथून पाणी सोडले की पात्र चढते. अर्धी भरलेली होडी दोरासकट ओढली जाऊ नये, म्हणून रात्री कुणीतरी लक्ष ठेवणारे हवे. चार दिवसांनी पाणी काढा, तळ कापडाने कोरडा करा आणि त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरवा. जिथून खरे पाणी येते तिथे पुडीवर ओली रेघ उमटते. डोळ्यांना जिथे पाणी साचलेले दिसते तिथे गळती असेलच असे नाही; पाणी फासळीच्या बाजूने दोन हात वाहत जाते आणि भलतीकडे दिसते. जी रेघ उमटेल तिच्या सुरुवातीला खिळ्याने खूण करा, कारण खडूची किंवा पेनाची खूण पुसली जाते.

पुष्कळदा असे होते की चार दिवसांनी रेघ उमटतच नाही. मग सीलंटचा विचार या वर्षापुरता सोडून द्या.

रेघ उमटलीच, तर सीलंट घेण्याआधी आणखी एक तपासणी करा. होडी वर घेऊन एकाने त्या फळीवर आतून पाय देऊन वजन टाकावे आणि दुसऱ्याने बाहेरून सांध्यावर बोट ठेवावे. फळी हलताना बोटाला कळली, तर खिळे गेलेले आहेत. लोखंडी खिळा सागात गंजतो, भोवतीचे लाकूड काळे आणि भुसभुशीत होते. टोच्याने खिळ्याभोवती टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर तिथे सुताराचे काम आहे. सुटलेली फळी कुठल्याही सीलंटने बसत नाही. खिळे बदला, फळी घट्ट करा, मग सांध्याकडे या.

आता तिन्ही सल्ल्यांबद्दल.

सिलिकॉन पाण्याखालच्या सांध्यात मी कधीही सुचवत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याला, बाथरूमच्या काचेला ते ठीक आहे. ओल्या-कोरड्या होणाऱ्या लाकडाला त्याची पकड टिकत नाही, कडेने सुटते आणि पाणी त्याच्या मागून शिरते. त्याहून मोठा त्रास नंतरचा. सिलिकॉन काढले तरी लाकडाच्या रंध्रांत त्याचा तेलकट अंश राहतो आणि मग त्या जागी रंग, पुट्टी, पॉलियुरेथेन, काहीच धरत नाही. तासून नवे लाकूड उघडे करावे लागते. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते, तेव्हा आसपास लोखंडी खिळे असतील तर त्यांना गंजायला आणखी एक निमित्त. दुकानदारावर राग धरू नका. त्याच्याकडे दिवसभर बाथरूमवालेच येतात.

भाच्याने सांगितलेले ५२०० हे पॉलियुरेथेन आहे, आणि जिथे दोन भाग पुन्हा कधीच वेगळे करायचे नाहीत तिथे ते खरोखर अप्रतिम आहे. तीच तुमची अडचण आहे. त्याची पकड लाकडाच्या तंतूंपेक्षा जास्त असते. पाच-सात वर्षांनी ती फळी बदलायची वेळ आली, तर सांधा सुटण्याऐवजी शेजारच्या चांगल्या फळीचे तुकडे निघतील. लाकडी होडी जगते ती फळ्या बदलत बदलत. तुमच्या आजोबांच्या वेळच्या किती फळ्या आज तिच्यात उरल्या असतील, मोजून पाहा. जे सीलंट ती बदलण्याची वाट बंद करते ते मी अशा होडीत घालणार नाही. पॉलियुरेथेनच घ्यायचे असेल तर त्यातले मऊ, जहाजाच्या सांध्यांसाठी बनवलेले घ्या. सिकाफ्लेक्स २९१ त्या प्रकारातले आहे. बस-ट्रकच्या काचा बसवायला मिळणारे पॉलियुरेथेन स्वस्त पडते आणि इंदुरात सहज मिळते, पण ते काच आणि रंगवलेला पत्रा यांच्यासाठी आहे. महिनोन्‌महिने पाण्यात बुडून राहणाऱ्या लाकडासाठी ते बनवलेले नाही.

पॉलियुरेथेनबाबत दोन गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एक म्हणजे ट्यूबमधले हे सीलंट हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ते दिवसाला साधारण तीन मिलिमीटर खोल मुरते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली असते, तेव्हा वरून कातडी धरते आणि आत आठवडाभर ओले राहते. दुसरे म्हणजे सांधा पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका. पॉलियुरेथेन ज्याच्यामुळे घट्ट होते त्या आयसोसायनेट या घटकाशी अल्कोहोल आधीच जुळते आणि सीलंट कायम चिकट, मऊ राहते. हे झाले की लोक माल बनावट होता म्हणतात. माल बहुतेक वेळा चांगला असतो.

केवटांच्या डांबराला मी कमी लेखत नाही. त्यांचे आजे-पणजे डांबर-सुतावर होड्या चालवत आले आणि त्यात एक मोठा गुण आहे: दरवर्षी खरवडून पुन्हा भरता येते, फळीला इजा होत नाही. पण निमाडच्या उन्हात ते पाघळते आणि पौषातल्या थंडीत तडकते, म्हणून काम दरवर्षीचे होऊन बसते. आणि एकदा सांध्यात डांबर मुरले की त्यावर दुसरे कोणतेही आधुनिक सीलंट धरत नाही. डांबरातले तेल त्याला सोडवते. तुमच्या होडीत पूर्वी डांबर भरलेले असेल, तर एकच निर्णय घ्या: एकतर डांबरावरच राहा, नाहीतर दोन्ही कडा पूर्ण स्वच्छ, नव्या लाकडापर्यंत तासून घ्या. डांबराच्या वर पॉलिसल्फाइड फासणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

डांबराबद्दल मला आणखी एका कारणाने बोलावेसे वाटते. इंदूरला नळाला येणारे नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचलले जाते. तुमची होडी जिथे तरंगते, त्याच टापूतले पाणी आपण घरी पितो. तेव्हा खरवडलेले डांबर, जुना रंग, सीलंटच्या कपच्या नदीत झाडू नका. खाली ताडपत्री अंथरा आणि सगळे गोळा करून घरी आणा. जुने लोक सांध्याला भरणीपूर्वी शेंदुराचा, म्हणजे शिशाच्या लाल भुकटीचा हात देत. लाकडाने भरणीतले तेल पिऊ नये म्हणून ते करत, आणि तत्त्व बरोबर होते. पण शिसे विषारी आहे, आता ते वापरायचे कारण नाही.

मग पॉलिसल्फाइड का? ते रबरासारखे लवचीक राहते, पाण्यात वर्षानुवर्षे बुडून टिकते, लाकडाला पुरेसे धरते आणि तरी धारदार पात्याने कापून काढता येते. विमानांच्या इंधनाच्या टाक्यांचे सांधे याच जातीच्या सीलंटने बंद करतात, त्यावरून टिकाऊपणाची कल्पना यावी. आपल्याकडे ते मिळते बांधकामाच्या रसायनांच्या दुकानात, कारण पाण्याच्या टाक्या आणि कालव्यांच्या काँक्रीटच्या सांध्यांना तेच भरतात. टू-पार्ट पॉलिसल्फाइडसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १२११८. घेताना चार गोष्टी पाहा: गन ग्रेड मागा, पोरिंग ग्रेड नको, तो आडव्या जमिनीच्या सांध्यांत ओतायचा असतो आणि होडीच्या कुशीतून ओघळून जाईल. सतत पाण्याखाली राहणाऱ्या सांध्यासाठी चालते असे माहितीपत्रकावर छापलेले हवे. त्याच कंपनीचे सच्छिद्र पृष्ठभागाचे प्रायमर सोबत घ्या; प्रायमरशिवाय लाकडावर हे सीलंट अर्धेच काम करते. आणि डब्यावरची तारीख वाचा, हा माल जुना झाला की नीट मिसळत नाही.

वेळ दसऱ्यानंतरची का, तेही सांगतो. सीलंट भरताना लाकूड ना खणखणीत कोरडे हवे, ना ओलेगच्च. आज, मे महिन्यात, फळ्या आकसलेल्या आहेत. आज भरले तर पाण्यात फुगताना सगळे बाहेर दाबले जाईल. भर पावसाळ्यात पृष्ठभाग ओला, पकड नाही. पावसाळाभर होडी छपराखाली राहिली की फळ्या हवेतला ओलावा घेऊन मधल्या स्थितीला येतात. मग आश्विन-कार्तिकात आठ-दहा दिवस सावलीत वरचा थर सुकू दिला की लाकूड मनासारखे मिळते. उन्हात सुकवायची घाई करू नका, त्याने फळ्यांची टोके फाटतात.

कामाला लागताना जुने भरलेले सगळे काढा. कानसचे जुने पाते आकडीसारखे वाकवून, त्याला धार लावून ओढले तर सांधा छान मोकळा होतो. ग्राइंडर घेऊ नका; एका झटक्यात कड खाल्ली जाते आणि ती परत येत नाही. चांगल्या सांध्याची आतली कड फळीला फळी भिडलेली असते आणि बाहेरची बाजू इंग्रजी व्हीसारखी उघडी असते. आतून दिवा धरून बाहेरून पाहा. उजेड आरपार दिसला तर सूत आत निसटून जाईल. तिथे सागाची बारीक पट्टी तासून बसवावी लागते, आणि ती एकाच कडेला चिकटवायची. दोन्ही कडांना चिकटवली की सांधा हलेनासा होतो आणि तडा दुसरीकडे जातो.

सूत म्हणजे सरकी-कचरा नसलेला पेळू, पिंजलेल्या कापसाची न कातलेली लांब वळी. तो सैलसर पीळ देऊन, थोडा थोडा वळसा घालत सांध्यात बसवायचा आणि बोथट पात्याच्या छिन्नीने, लाकडी मोगरीने ठोकायचा. इथे कानांचे काम आहे. सुरुवातीला ठोक्याचा आवाज बद्द येतो. सूत बसत गेले की तो चढत जातो आणि एका क्षणी टणक वाजतो. तिथे थांबायचे. पुढे ठोकलेत तर फळ्या एकमेकींपासून रेटल्या जातात. कण्यालगतच्या या पहिल्या फळीला तर विशेष हलका हात हवा, कारण तिची एक कड कण्याच्या खाचेत बसलेली असते आणि तिथे ठोके थेट कण्यातल्या खिळ्यांवर पडतात. जुने केवट हे काम डोळे मिटून करतात. तुमच्या गावातल्या केवटांना सीलंटचे पटले नाही तरी सुताच्या कामाला त्यांनाच बोलवा, माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला असेल.

फळी २५ मिलिमीटर जाड असेल, तर सुताच्या वर सुमारे आठ मिलिमीटर जागा राखा आणि सांध्याची बाहेरची रुंदीही सहा ते आठ ठेवा. ही रुंदी महत्त्वाची आहे. चांगले पॉलिसल्फाइड आपल्या रुंदीच्या २५ टक्के दोन्हीकडे हलू शकते. आठ मिलिमीटर रुंद भरणीला दोन मिलिमीटरची हालचाल पेलते. दोन मिलिमीटरच्या बारीक फटीत तेच सीलंट अर्ध्या मिलिमीटरलाच फाटते. बारीक फटीत नोझल टेकवून, वरून बोट फिरवून केलेली भरणी पहिल्याच उन्हाळ्यात का सुटते, ते यात आले. आणि सीलंट दोन्ही कडांनाच पकडायला हवे, तळाला नको. तिन्ही बाजूंनी चिकटले की ते ताणले जात नाही, मधून फाटते. खाली सूत असले की तो प्रश्न आपोआप सुटतो, कारण सूत मऊ असते आणि सीलंटबरोबर हलते.

कडांच्या बाहेर दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, प्रायमर द्या, पत्रकात दिली असेल तेवढीच वाट पाहा. दोन्ही भाग पूर्ण रंग एकसारखा होईपर्यंत मिसळा. डब्याच्या तळाशी आणि कडेला न मिसळलेली रेघ राहते, ती पात्याने खरवडून पुन्हा फिरवा. दुपारी काम काढू नका, उकाड्यात ते भांड्यातच घट्ट होऊ लागते. सकाळी लवकर करा, आणि एका वेळी तासाभरात संपेल इतकेच मिसळा. भरणी नेहमी बाहेरून करा. बाहेरून भरलेल्या सीलंटला पाणी आत दाबते, म्हणजे पकडीला मदतच होते. आतून भरलेल्या सीलंटला पाणी ढकलून काढते. वरची पातळी फळीच्या एक-दीड मिलिमीटर खाली, किंचित खोलगट ठेवा. फळ्या फुगल्या की ती उचलून फळीच्या बरोबर येईल. आधीच बरोबरीत भरलीत तर नंतर वरंबा उठेल आणि किनाऱ्याच्या वाळूवर घासून सुटेल. टेप सीलंट ओले असतानाच काढा. आठवडाभर होडी हलवू नका.

बाकी ज्यांच्या होड्या लाकडाच्या नाहीत त्यांच्यासाठी चार शब्द, कारण इंदूरच्या तलावांत आणि शेततळ्यांत आता फायबरच जास्त. फायबरच्या होडीला तडा गेला असेल तर सीलंट शोधू नका, ग्लास मॅट आणि रेझिनने पट्टी चढवा. वरचा आणि खालचा साचा जोडलेला सांधा गळत असेल तरच पॉलियुरेथेन. फुगवायच्या पीव्हीसी नावेला पॉलिसल्फाइड चालत नाही, काही प्लास्टिकला ते मऊ पाडते. पॉलिथिनच्या पॅडल बोटीला जवळजवळ काहीच चिकटत नाही, तिथे गरम हवेने प्लास्टिक वेल्डिंग करवून घ्या. लोखंडी पत्र्याच्या नावेला वेल्डर बोलवा.

रिव्हेट केलेल्या ॲल्युमिनियमच्या नावेचे थोडे वेगळे आहे. तिथे आधी प्रत्येक रिव्हेट तपासा. बहुतेक वेळा सांधा ठीक असतो आणि ढिली रिव्हेट गळत असते. नावेला नीट आधार देऊन आत चार-पाच बोटे पाणी भरा आणि खालून थेंब पाहत खुणा करा. जास्त भरू नका, नाव बाहेरचा दाब झेलायला बनलेली असते, आतले वजन नाही. बदलताना साधी पोकळ पॉप रिव्हेट नको, तिच्या मधल्या भोकातूनच पाणी येते; बंद तोंडाची ॲल्युमिनियमची घ्या. लोखंड आणि तांबे तिथे आणू नका, ओल्यात त्यांच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. चार मीटरची ॲल्युमिनियमची नाव ४० अंशांच्या फरकाने जवळपास चार मिलिमीटर लांबते, पण पत्र्यावर पत्रा असतो तिथे दोन्ही बरोबरच लांबतात आणि सांध्याला फारसे काही कळत नाही. हालचाल होते ती जिथे मागच्या बाजूला लाकडाची फळी ॲल्युमिनियमला जोडलेली असते तिथे. म्हणून पत्र्याच्या सांध्यात मजबूत, थोडे लवचीक एपॉक्सी चालते, लाकडाशी जोड असेल तिथे मऊ सीलंटच. एपॉक्सी लावताना ॲल्युमिनियम ओल्या एपॉक्सीतच घासा, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो आणि पकड त्या थरालाच बसते.

इंदूरच्या सिरपूर किंवा यशवंत सागरच्या काठी काम करत असाल, तर दोन्ही जलाशय २०२२ पासून रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत हे लक्षात ठेवा आणि घासकाम काठापासून लांब करा.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रात्रभरात दोन-तीन बादल्या म्हणजे काही मोठे नाही, असे घरात कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. ३० सेंटिमीटर खोलीवर फक्त पाच मिलिमीटर व्यासाचे भोक तासाला सुमारे १०० लिटर पाणी आत घेते, आणि सुटत चाललेला सांधा तेवढा मोठा व्हायला एखादा धक्का पुरतो. आत साठलेले पाणी नुसते वजन नसते. होडी एका बाजूला कलली की ते सगळे त्याच बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. तुमच्या होडीत घरची मुले बसतात. दुरुस्ती होईपर्यंत त्यांना बसवू नका, आणि दुरुस्तीनंतरही प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालूनच बसवा.

आत्ता एक-दोनदा होडी काढावीच लागणार असेल, परिक्रमावासीयांना पलीकडे सोडायचे असेल किंवा होडी दुसऱ्या घाटावर न्यायची असेल, तर एक जुनी युक्ती आहे. बारीक भुसा मूठभर घेऊन, होडी पाण्यात असताना बाहेरून सांध्याच्या खाली नेऊन सोडायचा. आत ओढले जाणारे पाणी भुसा फटीत घेऊन जाते, तो तिथे फुगतो आणि गळती बरीच कमी होते. फळीला काही इजा नाही, दसऱ्याला खरवडताना सहज निघतो. आतून मेण किंवा ग्रीस फासू नका, नंतर पॉलिसल्फाइडच्या पकडीला ते नडेल. सोबत बादली आणि पाणी काढणारा एक जास्तीचा माणूस ठेवा.

चार दिवस भिजवल्यावर खडूची रेघ कुठे उमटली, फळीची जाडी किती आणि सांध्यात काळे काही लागते का, एवढे कळवा. डांबर निघाले तर तासकाम किती खोल करायचे ते पाहूनच सांगता येईल, आणि त्यावर माल किती घ्यायचा हेही ठरेल.